सुगंधाची खतावणी

नवे घर बांधताना माणूस दारे-खिडक्यांच्या दिशा पाहतो, देवघराची जागा पाहतो, पेढीपासूनचे अंतर मोजतो. अंगणात कोणत्या प्रहरी कोणता सुगंध यावा, याचा विचार मात्र सर्वांत शेवटी होतो. रंगकाम आटोपते, कुंपणालगत चार-सहा फुटांची पट्टी उरते, आणि मग कोणीतरी रोपवाटिकेत जाऊन त्या दिवशी जे झाड फुललेले दिसेल ते उचलून आणते. सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याच्या घरी असेच घडले. ती चूक निस्तरता निस्तरता त्या घराला सुगंधी झाडांची पारख आली. आणि ज्याच्यामुळे ती आली, त्या माणसाला त्या वेळी कसलाच वास येत नव्हता.

हे कुटुंब मूळचे गावभागातले. खाली पेढी, वर राहते घर, मागे छोटेसे अंगण आणि अंगणात एक जुना पारिजातक. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा पेढीत छातीएवढे पाणी शिरले. पोती भिजली, जुन्या वह्यांचा लगदा झाला. पाणी ओसरले तेव्हा पारिजातक उभा होता. पण त्याची मुळे कुजली होती आणि दिवाळीपर्यंत तो वाळून गेला. त्या झाडाच्या चपट्या शेंगा घरातल्या अक्कांनी आदल्या हिवाळ्यात एका पत्र्याच्या डबीत घालून माळ्यावर ठेवल्या होत्या. पुढच्या वर्षी कुटुंब विश्रामबागेकडे उंचावरच्या नव्या घरात राहायला गेले. सामानाच्या पहिल्याच फेरीत ती डबी होती. अक्कांनी आठ बिया पेरल्या, एक रुजली.

अक्कांचे पती, घरातले आणि बाजारातले अण्णा, पंचेचाळीस वर्षे हळदीच्या व्यापारात होते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अण्णांच्या लेखी ते मानांकन त्यांच्या नाकाने कितीतरी आधी दिले होते. हळकुंड मोडायचे, मोडतानाचा आवाज ऐकायचा, आतला रंग उजेडात पाहायचा आणि मग ते नाकाशी धरायचे, हा त्यांचा क्रम होता. आवाजावरून वाळवण कळे, रंगावरून प्रत कळे आणि वासावरून बाकी सारे. हरिपूरच्या पेवातून काढलेला माल आणि गोदामातला माल ते डोळे मिटून वेगळा सांगत. पावसाचा थेंब लागलेले पोते त्यांच्या नाकातून सुटत नसे. भावाची घासाघीस ते फारशी करीत नसत. त्यांनी एकदा वास घेऊन आकडा सांगितला की शेतकरीही तो मानत आणि खरेदीदारही.

एप्रिल २०२१ मध्ये, साथीच्या दुसऱ्या लाटेत, अण्णा आजारी पडले. ताप उतरला, खोकला गेला, अशक्तपणाही हळूहळू कमी झाला. एक दिवस ते स्वयंपाकघराशेजारी वर्तमानपत्र वाचत बसले असता दूध उतू जाऊन करपले, सारे घर धुराने भरले, तरी त्यांनी मान वर केली नाही. अक्का धावत आल्या तेव्हा कुठे त्यांनी विचारले, "काय झालं?" त्या क्षणी दोघांनाही कळले.

पंधरा दिवसांनी ते पेढीवर गेले. मुलाने नमुन्याचे हळकुंड पुढे केले. अण्णांनी ते मोडले, आवाज ऐकला, रंग पाहिला, नाकाशी नेले, थोडा वेळ तसेच धरले आणि पोत्यात परत टाकले. "चांगला आहे," ते म्हणाले. मुलाने वडिलांचा तो आवाज आजवर कधी ऐकला नव्हता. रात्री अण्णा त्याला म्हणाले, "उद्यापासून सौद्याला तू जात जा."

त्याच सुमारास नात पाठशाळेचा धडा मोठ्याने पाठ करीत होती: शंखाला दोन इंद्रिये, मुंगीला तीन, भुंग्याला चार. मुंगीची तीन इंद्रिये तिने बोटांवर मोजली, स्पर्शन, रसन, घ्राण. अण्णा झोपाळ्यावरून म्हणाले, "म्हणजे सध्या मुंगीकडे आहे ते माझ्याकडे नाही." ते हसले. घरात दुसरे कोणी हसले नाही.

अशा वेळी धाकट्या सुनेने बाग करायची ठरवली. तिचा हेतू चांगला होता आणि तर्कही साधा होता: वास जितका उग्र, तितकी नाकाला जाग येण्याची आशा अधिक. पहिल्या पावसाबरोबर ती रोपवाटिकेत गेली आणि टेम्पो भरून झाडे घेऊन आली. त्यात मोगऱ्याची सहा रोपे होती, दोन अनंत होते, टपोऱ्या लाल फुलांचे कलमी गुलाब होते, कुंपणासाठी मेंदीची दोन डझन रोपे होती आणि एक चांगली वाढलेली रातराणी होती. रातराणी तिने अण्णांच्या खोलीच्या खिडकीखाली लावली.

तीन महिन्यांत या खरेदीचा हिशेब समोर आला. मोगऱ्याची फुले आली तशी आठवडाभरात संपली, कारण त्याचा हंगाम उन्हाळ्याचा. जूनमध्ये आणलेले रोप रोपवाटिकेतल्या कळ्या उधळून मोकळे झाले. अनंताची पाने पिवळी पडू लागली, शिरा मात्र हिरव्या राहिल्या. अनंताला किंचित आम्ल माती लागते. कोकणातल्या तांबड्या मातीत तो सुखाने वाढतो, पण कृष्णाकाठच्या चुनखडीच्या काळ्या मातीत त्याला लोह मिळत नाही. कलमी गुलाबांच्या पानांवर काळे ठिपके पडले, कोवळ्या शेंड्यांवर मावा आला. रोपवाटिकेतला माणूस म्हणाला, दर आठवड्याला फवारणी करा. फवारणी म्हणजे काय, हे या घरात कोणाला समजावून सांगण्याची गरज नव्हती. गुलाब तसेच राहिले, आणि त्यांच्या फुलांना सुगंधही नव्हता. आकार आणि रंग यांच्यामागे लागून तयार केलेल्या पुष्कळ जातींमध्ये सुगंध मागे पडतो, हे नंतर कळले.

रातराणी मात्र झपाट्याने वाढली आणि भाद्रपदात घमघमू लागली. अण्णा शांत झोपत. एका रात्री त्यांना जाग आली, तेव्हा अक्का खोलीत नव्हत्या. त्या बाहेर दिवाणखान्यात जमिनीवर चटई टाकून, कपाळाला फडके बांधून झोपल्या होत्या. पंधरा रात्री त्या तशाच तिथे झोपत होत्या. रातराणीच्या वासाने त्यांचे डोके असे दुखे की उलटी होईल असे वाटे. पण झाड अण्णांसाठी लावलेले, कोणी सांगावे, कदाचित त्यानेच गुण येईल, म्हणून त्या बोलल्या नव्हत्या.

ज्याला वास येत नव्हता त्याच्यासाठी लावलेले झाड, जिला वास येत होता तिला घराबाहेर काढत होते. सकाळी अण्णांनी सुनेला बोलावले. रागावले नाहीत. म्हणाले, "अगं, तू माल चांगला आणलास. पण गिऱ्हाईक कोण, हंगाम कोणता आणि ठेवायचा कुठे, हे न बघता आणलास. बाग मी लावतो."

"पण अण्णा, तुम्हाला..." सून अडखळली.

"वास येत नाही, आठवतो तर आहे," अण्णा म्हणाले.

त्या दिवाळीला, वीर निर्वाण संवत २५४८ च्या पहिल्या दिवशी, पेढीच्या वह्यांबरोबर अण्णांनी एक जादा वही आणली. पहिल्या पानावर त्यांनी बारा महिने मांडले आणि प्रत्येक महिन्यासमोर तीन रकाने: सकाळ, संध्याकाळ, रात्र. त्या छत्तीस चौकटी भरल्याशिवाय एकही रोप विकत घ्यायचे नाही, असे ठरले. व्यापारी माणूस वर्षाची खरेदी एका दिवशी करीत नाही. हंगामाप्रमाणे माल भरतो. सुगंधाचेही तसेच, असे त्यांचे म्हणणे होते. एकाच महिन्यात चार सुगंध आणि मग आठ महिने कोरडे अंगण, हा तोट्याचा व्यवहार. एका वेळी एक, फार तर दोन सुगंध, आणि दोन असतील तर ते अंगणाच्या दोन टोकांना.

चौकटी भरायला सारे घर बसले. चैत्र आणि वैशाखाची संध्याकाळ मोगऱ्याची, यावर वाद झाला नाही. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपलेली असतात, भांडी घासून झालेली असतात, आणि नेमकी त्या वेळी मोगऱ्याची कळी उमलू लागते. या घराच्या दिनक्रमाला मोगऱ्याइतके सोयीचे दुसरे झाड नाही. म्हणून तो ओसरीच्या पायऱ्यांपाशी. त्याला दिवसाचे निदान सहा तास ऊन हवे, आणि पौषात पाणी तोडून ताण द्यायला हवा. मग दीड-दोन फुटांवर छाटून, कुजलेले शेणखत घालून पाणी सुरू केले की फाल्गुनाअखेर नव्या फुटव्यांवर कळ्या दिसू लागतात. छाटणी चुकवली तर झाड पानांनी भरते आणि फुले मोजकी येतात.

श्रावण आणि भाद्रपद जाई-जुईचे. या झुडपांना आधार लागतो. म्हणून दक्षिणेच्या भिंतीलगत बांबूचा साधा मांडव. जाईची फुले रात्री उमलतात आणि पहाटे त्यांचा सुगंध सौम्य होतो. झोपण्याच्या खोलीपासून दहा-बारा पावलांवर ती शोभते. मार्गशीर्ष आणि पौष कुंदाचे. कुंदाचा वास इतका हलका की कित्येकांना तो जाणवतही नाही, पण थंडीत दुसरे काही फुलत नसताना त्याच्या पांढऱ्या फुलांनी अंगण उजळते. सकाळच्या चौकटीत गावठी गुलाब आला. फिकट गुलाबी, सैल पाकळ्यांचा, काटेरी आणि दणकट. त्याची फुले ऊन चढण्याआधी तोडावी लागतात, कारण उन्हाबरोबर पाकळ्यांतला सुगंध उडून जातो. अत्तर आणि गुलाबपाणी करणारेही म्हणूनच भल्या सकाळी फुले गोळा करतात. अक्कांच्या मनात गुलकंद होता. त्यांनी त्याची चार झाडे मंजूर करून घेतली.

पावसाळ्याच्या आरंभी कुंती. हिला कोणी कामिनी म्हणतात. कढीपत्त्याच्या कुळातली, गर्द हिरव्या पानांची, पाऊस पडून गेल्यावर अचानक एका आठवड्यात सर्वांगाने फुलणारी. तिच्या फुलांचा वास लिंबाच्या मोहोराची आठवण करून देतो. ती काळ्या मातीत टिकते, रोगराईला सहसा बळी पडत नाही आणि कापून हव्या त्या आकारात ठेवता येते. रोपवाटिकेत तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही, कारण फुललेली नसताना ती एक साधे हिरवे झुडूप दिसते.

आश्विनाची पहाट पारिजातकाची. ती चौकट अण्णांनी सर्वांत आधी भरली होती. डबीतल्या बियांपासून आलेले रोप त्या वेळी गुडघ्याएवढे होते; फुलायला अजून दोन-तीन पावसाळे जातील, असा अंदाज होता. त्याच्यासाठी पूर्वेच्या कोपऱ्यात आठ फुटांची जागा राखून ठेवली. खाली फरशी न घालता माती सपाट करून ठेवायची, म्हणजे पहाटे स्वच्छ कापड अंथरता येईल. झाडाला हात न लावता, त्याने आपणहून खाली ठेवलेली फुले वेचायची, ही अक्कांची जुन्या घरापासूनची रीत. देवपूजेत फुले वाहावीत की केशरात रंगवलेल्या अक्षता, याबाबत अक्कांचे माहेर आणि सासर यांच्या रीती वेगळ्या. सासरी आल्यापासून त्या अक्षताच वाहतात. पारिजातकाची फुले वेचून तबकात ठेवायची आणि तबक दिवसभर ओसरीवर राहू द्यायचे, एवढाच त्यांचा छंद होता.

मग माती. सांगलीची काळी माती ओलावा धरून ठेवते आणि पावसाळ्यात मुळांना गुदमरवते. गावभागातल्या झाडाचे काय झाले ते सर्वांनी पाहिले होते. म्हणून सारे वाफे जमिनीपासून फूटभर उंच केले. प्रत्येक झाडासाठी दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, तळाशी विटांचे तुकडे आणि मुरूम, वर निम्मी काळी माती आणि निम्म्यात वाळू व जुने शेणखत. दोन अनंतांपैकी एक वाचला होता. त्याला मोठ्या कुंडीत तांबडी माती आणि पानांचे खत यांत हलवले. नळाच्या जड पाण्याऐवजी साठवलेले पावसाचे पाणी आणि अधूनमधून पाण्यात विरघळवलेली चिमूटभर हिराकस दिली. दोन महिन्यांत नवी पाने हिरवी आली. जमीन एका झाडाला मानवत नसेल तर सारी जमीन बदलण्याचा हट्ट धरू नये, त्या झाडापुरती कुंडी करावी, हा धडा त्यातून मिळाला.

मेंदीच्या रोपांची कथा वेगळी. ती वाढत होती, पण अण्णांना पाने पाहून शंका आली. त्यांनी नातीला मूठभर पाने वाटून तळहातावर लावायला सांगितली. तासाभराने हात धुतला, रंग चढलाच नाही. रोपवाटिकेतून कुंपणाची कडू मेंदी आली होती. तीही कुंपणाला उत्तम. पण खऱ्या मेंदीच्या फुलांना जो गोड, दाट सुगंध असतो, ज्यापासून हिना अत्तर करतात, तो तिच्यात नाही. मेंदीलाही सुगंधी फुले येतात, हे सुनेला ठाऊकच नव्हते. पुष्कळांना नसते, कारण कुंपणाची मेंदी सतत कापली जाते आणि कापलेल्या मेंदीला फुलायला सवड मिळत नाही. अण्णांनी फाटकाजवळच्या कोपऱ्यात खऱ्या मेंदीची तीन रोपे लावली आणि माळ्याला बजावले, "बाकी कुंपण काप. ही तीन सोड."

रातराणीचे काय करावे यावर बरीच चर्चा झाली. शेजारच्यांनी सांगितले, त्या झाडाखाली साप येतात, काढून टाका. सापाचा आणि त्या फुलांच्या वासाचा संबंध नाही. झाडाच्या बुंध्याशी पालापाचोळा साचला, तिथे बेडूक-उंदीर आले, तर त्यांच्यामागे साप येतो, आणि तो कोणत्याही दाट झुडपाखाली येईल. बुंधा मोकळा ठेवला की भीती उरत नाही. पण रातराणीच्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिचा वास बंद खोलीत कित्येकांना सोसत नाही, आणि तिची पाने-फळे पोटात गेली तर विषारी असतात. लहान मुले असतील तिथे हे लक्षात ठेवलेच पाहिजे. शेवटी जिवंत झाड मारायचे नाही म्हणून, हिवाळ्यात छाटून, मुळांभोवतीच्या मातीच्या गड्ड्यासह ती घरामागे, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, कुंपणाच्या टोकाशी नेली. तिथून तिचा वास क्वचित, एखाद्या झुळुकीबरोबर येतो. तेवढाच तो चांगला वाटतो, असे अक्काच म्हणाल्या.

फवारणीचा प्रश्न निवडीनेच सुटला. सतत औषध मागणारे झाड घ्यायचेच नाही, हा नियम झाला. दोन झाडांत मोकळी जागा, सकाळचे ऊन, पाणी मुळाशी आणि सकाळीच. पानावर अळी दिसली तर ते पान अलगद तोडून कुंपणापलीकडच्या रानात सोडून यायचे. कुंड्यांखालच्या बशांत पाणी साचू द्यायचे नाही, म्हणजे तिथे डासांची उत्पत्ती होणार नाही. आणि ओसरीवरचा पांढरा प्रखर दिवा संध्याकाळी बंद. रात्री फुलणारी ही बहुतेक फुले पांढरी आणि तीव्र वासाची का, तर अंधारात पतंगांना ती सापडावीत म्हणून. फुलाने पतंगाला बोलवायचे आणि आपण दिवा लावून त्याला जाळायचे, हे बरे नव्हे.

बाग अशी मार्गी लागली. अण्णांचे नाक मात्र जिथल्या तिथे होते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सांगितले की औषध फारसे नाही, पण सराव आहे. जर्मनीतल्या ड्रेस्डेन येथील थॉमस हमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये त्याची पद्धत प्रसिद्ध केली होती: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास, रोज सकाळ-संध्याकाळ, निदान बारा आठवडे, मन लावून हुंगायचे. वास आला नाही तरी तो आठवत हुंगायचे. अण्णांनी निलगिरीचे तेल, घरातली लवंग, लिंबाची साल आणि गावठी गुलाब घेतला, आणि त्यांत त्या महिन्यात जे फुललेले असेल ते फूल जोडले. नोंदीसाठी तीच वही उपयोगी पडली.

त्या नोंदींची पद्धत पेढीचीच होती. डाव्या बाजूला 'जमा', उजव्या बाजूला 'येणे'. वास आला तर जमा, नाही आला तर येणे. पहिले तीन महिने डावी बाजू कोरी होती. उजवीकडे ओळीने: लवंग, येणे. लिंबू, येणे. गुलाब, येणे. कुंद, येणे. माघात एके दिवशी लवंगेपुढे 'जमा, किंचित' असे आले. त्यानंतर जे झाले ते अधिक कठीण होते. वास येऊ लागले, पण वेडेवाकडे. हिंगाची फोडणी जळक्या रबरासारखी, तूप कुजल्यासारखे. अक्कांनी वाढलेले ताट त्यांनी दोनदा बाजूला सारले आणि दोन्ही वेळा अक्का काही न बोलता उठून गेल्या. डॉक्टर म्हणाले, अनेकदा ही सुधारणेच्याच वाटेवरची अवस्था असते, धीर धरा. अण्णांनी त्या दिवशी वहीत लिहिले: 'तूप, खोटे नाणे. घेतले नाही, फेकलेही नाही.' अक्कांना त्यांनी ते पान वाचायला दिले.

चैत्रात मोगरा फुलला. संध्याकाळच्या जेवणानंतर सारे ओसरीवर बसत, दिवा बंद असे, नात फुले ओंजळीत आणून आजोबांच्या नाकाशी धरी आणि विचारी, "आलं?" काही दिवस ते मान हलवीत. एकदा म्हणाले, "काहीतरी आलं. मोगरा नाही, पण काहीतरी आलं." वहीत त्या दिवशी 'मोगरा, हप्त्याने' अशी नोंद आहे.

मुलाला हे सारे पाहवत नसे. एका रात्री हिशेब करता करता तो म्हणाला, "अण्णा, वर्ष होऊन गेलं. काही रकमा बुडीत खाती घालाव्या लागतात." अण्णांनी चष्मा काढला. "कुळ हयात आहे, पत्ता माहीत आहे, मधूनमधून थोडंफार देतं आहे. अशी उधारी बुडीत म्हणायची नसते. तगादा सोडला की बुडते."

२०२२ च्या पावसाला जून अखेरीस सुरुवात झाली. चार दिवस भुरभुर चालली, पाचव्या दिवशी उघडीप झाली. अण्णा सकाळी फाटक उघडायला गेले आणि बराच वेळ परतले नाहीत. नाश्त्याला बसल्यावर त्यांनी सहज विचारले, "मेंदीला फुलं आलीत का?"

कोणाला माहीत नव्हते. मेंदीची फुले ती केवढीशी, पिवळसर पांढरी, दुरून दिसतही नाहीत. सून हातातले टाकून फाटकाकडे गेली. न कापलेल्या तीन रोपांपैकी एकाच्या शेंड्यावर, पानांच्या आड, बोटभर लांबीचा एक तुरा होता. घरातल्या कोणाच्याही डोळ्यांना तो दिसला नव्हता. ती परत आली तेव्हा काही विचारावे लागले नाही. अक्कांनी अण्णांच्या ताटात तूप वाढले, नेहमीपेक्षा थोडे अधिक, आणि अण्णांनी ते खाल्ले.

त्या आठवड्यात मुलाने दुपारी नमुन्याची दोन हळकुंडे घरी आणली आणि न बोलता ओसरीच्या कठड्यावर ठेवली. अण्णांनी एक मोडले, हुंगले. मग दुसरे. "हे पहिलं ओलीतलं आहे," ते म्हणाले. "दुसऱ्याचं अजून सांगता येत नाही. तू बघ." पूर्वीचे अण्णा 'तू बघ' असे कधी म्हणाले नसते. मुलाने दुसरे हळकुंड उचलून नाकाशी धरले, आणि वडिलांसमोर प्रथमच आकडा सांगितला.

सुगंधी झाडे कोणती लावावीत, असे आता त्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. सून त्याला वहीचे पहिले पान दाखवते: बारा महिने, तीन प्रहर. आधी आपले घर कोणत्या वेळी बाहेर बसते ते पाहा, मग त्या वेळी फुलणारे झाड शोधा. माती विचारा. घरात कोणाचे डोके दुखते, कोणाला दम लागतो, हे विचारा. आणि जी माणसे स्वतःहून सांगत नाहीत त्यांना दोनदा विचारा. आज फुललेले झाड पाहून भुलू नका. आणि एखादा कोपरा न कापता सोडा.

वहीतल्या शेवटच्या पानावर अजून बऱ्याच नोंदी उजवीकडेच आहेत. कुंद अजून यायचा आहे. तो मुळातच मंद. अनंत अर्धामुर्धा आला आहे. आणि सर्वांत वरची ओळ पहिल्या दिवशी होती तशीच आहे: 'पारिजातक, येणे.' पूर्वेच्या कोपऱ्यातले ते झाड आता कमरेच्या वर गेले आहे, पण त्याला अजून एकही फूल आलेले नाही. खालची माती अक्का दर आठवड्याला सपाट करून ठेवतात.